महिना, तास की भेट? घरी येणाऱ्या परिचारिकेचा मोबदला कसा ठरवावा

धंतोली म्हणजे नागपूरचे रुग्णालयांचे गावच. जुने बंगले आणि त्यांना खेटून उभी राहिलेली रुग्णालये येथे इतकी दाटली आहेत की, गाड्या उभ्या करण्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जाऊन पोहोचला. साऱ्या विदर्भातून, शेजारच्या मध्य प्रदेशातूनही रुग्ण येथे येतात. उपचार करणाऱ्यांची या वस्तीत वाण नाही. परंतु ‘आता आजार बरा होणार नाही, घरी न्या, त्रास होऊ देऊ नका’ असे डॉक्टर सांगतात आणि डिस्चार्ज कार्ड हाती पडते, त्या संध्याकाळी दोन गल्ल्यांपलीकडचे रुग्णालयही फार दूर वाटू लागते. जखमेची पट्टी कोण बदलणार? लघवीची नळी तुंबली तर कोणाला बोलवायचे? रात्री दोन वाजता वेदना वाढल्या तर?

मग शोध सुरू होतो तो सिस्टरांचा. कोणी नर्सिंग ब्यूरोचा क्रमांक देते, कोणी ओळखीच्या रुग्णालयातील परिचारिका सुचवते. दूरध्वनीवर पहिला प्रश्न येतो, “महिन्यावर हवी, तासावर हवी, की भेटीवर?” घाबरलेल्या अवस्थेत कुटुंब स्वस्त वाटेल ते उत्तर देऊन मोकळे होते. वाचकहो, या लेखात त्या एका प्रश्नाचाच विचार करायचा आहे. कारण पैसे कशाचे मोजले जातात, यावर सेवा कशी मिळणार हे पुष्कळ अंशी ठरते. पगार दिला तर सोबत मिळते, तास मोजले तर वेळ मिळतो, भेट मोजली तर काम उरकून मिळते. अखेरच्या आजारात या तिन्हींची गरज पडते, मात्र एकाच वेळी नव्हे.

घरी येणारी व्यक्ती नेमकी कोण?

मोबदल्याआधी हे स्पष्ट करून घ्यावे. आपण घरी येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला ‘सिस्टर’ म्हणतो. पण त्या नावाखाली तीन वेगळ्या व्यक्ती असतात. पहिली म्हणजे जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेली परिचारिका. जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, बी.एस्सी.चा चार वर्षांचा. दुसरी एएनएम, म्हणजे दोन वर्षांचे शिक्षण घेतलेली. या दोघींचीही नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असावी लागते, आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात कोणताही अपमान नाही. तिसरी म्हणजे आया, मावशी किंवा केअरटेकर. ती अंघोळ घालते, भरवते, कूस बदलून देते, कपडे बदलते. हे काम हलके नाही, किंबहुना सर्वांत कष्टाचे तेच. परंतु इंजेक्शन देणे, नळी बदलणे, मॉर्फिनच्या मात्रेबाबत डॉक्टरांशी बोलणे ही कामे तिच्यावर टाकणे रुग्णासाठी धोक्याचे आणि तिच्यावर अन्याय करणारे आहे.

परिचर्येला प्रतिष्ठा मिळवून देण्यात नागपूरचा वाटा मोठा आहे. कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साथीने १९२१ साली येथे मातृ सेवा संघाची स्थापना केली. विधवेने घराबाहेर पडणेही लोकांना खपत नसे, त्या काळी परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या कमलाताईंनी बाळंतपणाच्या खोलीत शास्त्र आणि माया दोन्ही नेली. आयुष्याच्या आरंभाशी जे काम या शहराने शंभर वर्षांपूर्वी मानाचे मानले, तेच काम आयुष्याच्या अखेरीशी करणाऱ्या स्त्रीचा मोबदला ठरवताना आपण मात्र भाजीबाजारासारखी घासाघीस करतो. ही विसंगती लक्षात ठेवूनच तिन्ही पद्धतींकडे पाहू या.

महिन्याचा पगार: सोबत मिळते, पण तास हरवतात

महिन्यावर ठेवलेली परिचारिका किंवा केअरटेकर रोज तीच असते. आजोबा कोणत्या कुशीवर झोपतात, आजींना पाणी चमच्याने हवे की फुलपात्राने, चेहऱ्यावरची कोणती आठी वेदनेची आणि कोणती नुसत्या कंटाळ्याची, हे तिला आठवड्याभरात कळू लागते. बोलणे थांबलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही ओळख औषधाइतकीच मोलाची ठरते. पगार ठरलेला असल्याने काम लवकर उरकून निघण्याची घाई नसते आणि एखादी दुपार केवळ हात हातात धरून बसण्यात गेली, तरी तिचे नुकसान होत नाही.

या पद्धतीचा दोष तासांत दडलेला आहे. ‘चोवीस तासांची ड्यूटी’ हा शब्द आपण सहज उच्चारतो. थोडा हिशेब करून पाहा. पुढील आकडे बाजारभाव नव्हेत, केवळ गणितासाठी घेतलेले आहेत. महिना २१,६०० रुपये आणि चोवीस तासांची ड्यूटी ठरली, तर तीस दिवसांचे ७२० तास होतात आणि तासाला पडतात ३० रुपये. बारा तासांची ड्यूटी १८,००० रुपयांत ठरली, तर ३६० तासांना तासामागे ५० रुपये. आता याच्याशी एक अधिकृत शिफारस ताडून पाहू. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाने सर्वोच्च न्यायालयात नेला. न्यायालयाच्या २९ जानेवारी २०१६ च्या आदेशानुसार केंद्र सरकारने समिती नेमली. ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला महिन्याला किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस त्या समितीने केली. आठ तासांचे २६ दिवस धरले, तर २०८ तास होतात आणि तासाला सुमारे ९६ रुपये पडतात. म्हणजे महिन्याचा आकडा मोठा दिसत असूनही चोवीस तास राबणाऱ्या बाईचा तास त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही भरत नाही.

‘ती रात्री झोपतेच की’ असे यावर म्हटले जाते. हा वाद आपल्याकडेच आहे असे नव्हे. इंग्लंडमध्ये रुग्णाच्या घरी झोपून राहणाऱ्या सेविकेला झोपेच्या तासांचे किमान वेतन द्यावे की नाही, हा प्रश्न तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जागून प्रत्यक्ष काम केलेला वेळच किमान वेतनासाठी धरावा, असा निकाल २०२१ साली लागला आणि सेविकांच्या संघटना नाराज झाल्या. निकाल काहीही असो, आपल्या घरापुरता एक व्यवहारी विचार करावा. जी रात्रभर चार वेळा उठली, तिच्याकडून सकाळी औषधाच्या मात्रेत चूक होण्याचा संभव वाढतो. चोवीस तासांसाठी एकच व्यक्ती ठेवणे परवडते असे वाटते, परंतु तिसऱ्या आठवड्यात ती थकून निघून जाते आणि रुग्णाला पुन्हा नव्या हातांची सवय करावी लागते. महिन्याचा पगार ठरवताना सलग झोपेचे तास आणि आठवड्याची सुटी हे दोन्ही त्याच वेळी ठरवावेत. सुटीच्या दिवशी घरातील कोण बसणार, हेही आधीच ठरलेले असावे.

तासाचा हिशेब: वेळ मिळतो, पण घड्याळ बोलू लागते

तासावर ठरवलेल्या मोबदल्यात हिशेब स्वच्छ असतो. तीन तास थांबली, तीन तासांचे पैसे दिले. वेदना आटोक्यात येईपर्यंत थांबावे लागले, तर परिचारिका मनात चडफडत नाही, कारण थांबण्याचेही मोल तिला मिळते. नवे औषध सुरू झाले आहे, रुग्ण रात्री भ्रमिष्टासारखे बोलतो आहे, धाप वाढली आहे, अशा वेळी ही पद्धत उत्तम. घरच्या माणसांना चार तास निजता यावे, एवढ्यासाठी आठवड्यातून दोन रात्री तासावर परिचारिका बोलावणे हा तर मोठा आधार आहे. सतत शुश्रूषा करणारी सून, मुलगी किंवा वृद्ध पत्नी आजारी पडली की घरात दोन रुग्ण होतात.

येथील अडचण दोन्ही बाजूंची आहे. पैसे देणारा घड्याळाकडे पाहू लागतो. “सिस्टर, आता आम्ही बघतो, तुम्ही निघा” हे वाक्य कधी कधी पैशांच्या चिंतेतून येते आणि नेमक्या नको त्या वेळी येते. दुसरीकडे परिचारिकेची मिळकत अनिश्चित असते. या आठवड्यात वीस तास, पुढच्यात पाच. ज्या घरी नियमित तास मिळतील, त्या घराकडे ती वळणारच. म्हणून तासावर ठरवताना दोन गोष्टी पक्क्या कराव्यात: एका वेळी किमान किती तासांचे पैसे मिळतील आणि आठवड्यात किमान किती तास दिले जातील. दूरच्या उपनगरातून एका तासासाठी येणे कोणालाच परवडत नाही.

भेटीगणिक पैसे: काम होते, पण थांबणे तोट्याचे ठरते

पट्टी बदलणे, लघवीची नळी बदलणे, नाकातील नळी तपासणे, इंजेक्शन देणे यांसाठी भेटीचा दर सर्वत्र रूढ आहे. रुग्ण हिंडता-फिरता असेल आणि काम नेमके असेल, तर कुटुंबासाठी हीच पद्धत सोयीची व कमी खर्चाची. अनुभवी परिचारिकेलाही ती आवडते. सफाईने काम करणारी दिवसात अधिक घरे करू शकते आणि आपला वेळ आपल्या हाती ठेवू शकते.

पण या पद्धतीचे गणित अखेरच्या आजाराशी जुळत नाही. पुन्हा केवळ उदाहरण म्हणून पाहा. भेटीचे ४०० रुपये, घरी ४० मिनिटे आणि रस्त्यावर ३० मिनिटे धरली, तर सात तासांत सहा भेटी होतात आणि दिवसाचे २,४०० रुपये मिळतात. आता एका घरी आजींच्या वेदना वाढलेल्या आहेत. डॉक्टरांना फोन, औषधाची वाढीव मात्रा, ती लागू पडते की नाही हे पाहणे, रडणाऱ्या मुलीला धीर देणे, यात तीन तास गेले. उरलेल्या वेळेत तीनच भेटी झाल्या. दिवसाची मिळकत १,६०० रुपये, म्हणजे एक-तृतीयांश कमी. जी परिचारिका खऱ्या अर्थाने थांबली, तिलाच दंड बसला! एखादी दहा मिनिटांत पट्टी बदलून निघून जाते, तेव्हा दोष केवळ तिच्या स्वभावाचा नसतो. आपण ठरवलेल्या दराने तिला तसेच करायला सांगितलेले असते.

शिवाय भेटीच्या दरात अनेक गोष्टी मोजल्याच जात नाहीत. मे महिन्यातील नागपूरचे ऊन आणि दुपारचा स्कूटीवरचा प्रवास. रात्रीचे फोन, “सिस्टर, बाबांनी औषध ओकून टाकले, पुन्हा देऊ का?” दारात पोहोचल्यावर कळणारी बातमी, की रुग्णाला पहाटेच रुग्णालयात हलवले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अतिवृष्टीने हाहाकार माजला, अनेक वस्त्यांत पाणी शिरले. अशा दिवशी घराबाहेर पडणाऱ्या परिचारिकेला जोखीम घेण्याचे कोणतेही वेगळे मोल भेटीच्या दरात नसते आणि घरीच थांबली तर त्या दिवसाची कमाई शून्य.

कामगारविषयक कायद्याने हा पेच पूर्वीच ओळखला होता. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात वेळेवरचा दर आणि कामावरचा दर असे दोन प्रकार होतेच; त्याशिवाय कामाच्या नगावर पैसे मिळणाऱ्यालाही वेळेच्या हिशेबाने किमान काही मिळालेच पाहिजे, अशा हमीच्या दराची तरतूद होती. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही हे तत्त्व आहे. आपल्या घरातील व्यवहाराला कायदा कसा लागू होतो, हा वकिलांचा विषय. पण तत्त्व घरातही उपयोगी आहे: भेटीवर पैसे द्या, मात्र खाली एक हमीची पायरी ठेवा. उदाहरणार्थ, ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक थांबावे लागल्यास पुढील प्रत्येक अर्ध्या तासाचे वेगळे पैसे. फेरी वाया गेल्यास निम्मा दर. रात्रीच्या फोनसाठी महिन्याची एक ठरावीक रक्कम.

इतरत्र काय घडते?

अखेरच्या आजारात बरे करण्यापेक्षा त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या उपचारांना पॅलिएटिव्ह केअर किंवा परिहारक सेवा म्हणतात, आणि अशा रुग्णांच्या निवासी केंद्राला हॉस्पिस. आधुनिक हॉस्पिसची सुरुवात डेम सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये केली. त्या स्वतः आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. भारतातील पहिले हॉस्पिस ‘शांती अवेदना सदन’ १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले. पुण्यात वारजे येथे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून कार्यरत आहे. या संस्थांत रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. तेथील परिचारिकेला एखाद्या रुग्णापाशी जास्त वेळ बसल्यामुळे मिळकत घटण्याची चिंता नसते.

केरळने याहून पुढचे पाऊल टाकले. कोझिकोडमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या कामातून तेथे लोकसहभागाची चळवळ उभी राहिली आणि २००८ साली राज्याने परिहारक सेवेचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. ग्रामपंचायती व नगरपालिका परिचारिका नेमतात, त्या घरोघरी जातात आणि कुटुंबाला भेटीमागे पैसे मोजावे लागत नाहीत. एका घरी किती वेळ थांबायचे हे तेथे गरज पाहून ठरते.

अमेरिकेत मात्र आपल्यासारखाच तिहेरी व्यवहार आहे. तेथे ज्येष्ठांसाठीच्या ‘मेडिकेअर’ या सरकारी विमा योजनेत १९८३ पासून हॉस्पिस सेवा आहे. सरकार संस्थेला रुग्णामागे दिवसाचा दर देते. संस्था आपल्या परिचारिकांना पगारावर, तासावर किंवा भेटीवर नेमतात. दिवसाचा दर सारखाच असल्याने अडचण अशी येई, की शेवटच्या दिवसांत धावपळ कितीतरी वाढली, तरी संस्थेला मिळणारी रक्कम तेवढीच राही. म्हणून २०१६ पासून त्यात बदल झाला. आयुष्याच्या अखेरच्या सात दिवसांत नोंदणीकृत परिचारिका किंवा समाजसेविका प्रत्यक्ष घरी आली, तर दिवसाला चार तासांपर्यंत तासाच्या हिशेबाने वाढीव पैसे मिळू लागले. एवढ्या मोठ्या यंत्रणेला जे तेहतीस वर्षांनी उमगले, ते आपल्या घरात पहिल्याच दिवशी ध्यानात घेता येईल: अखेरचा आठवडा इतर आठवड्यांसारखा नसतो आणि त्याचा दरही तसा नसावा.

आजाराच्या टप्प्याप्रमाणे पद्धत बदला

यावरून निघणारा व्यवहारी नियम असा, की संपूर्ण आजारासाठी एकच पद्धत धरून बसू नये.

पहिल्या टप्प्यात रुग्ण उठतो, बसतो, स्वतः जेवतो. परिचारिकेचे काम ठरावीक असते. येथे भेटीचा दर योग्य. आठवड्यात किती भेटी आणि प्रत्येक भेटीत कोणती कामे, हे ठरवून घ्यावे.

दुसऱ्या टप्प्यात रुग्ण अंथरुणाला खिळतो. शय्याव्रण होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. तोंडाची स्वच्छता, भरवणे, अंग पुसणे यांत दिवस जातो. या कामांना प्रशिक्षित परिचारिका तासावर ठेवली, तर खर्च फार होतो आणि तिच्या कौशल्याचाही उपयोग होत नाही. त्याऐवजी केअरटेकर बारा तासांच्या ड्यूटीवर महिन्याने ठेवावी आणि परिचारिकेने आठवड्यातून दोन-तीनदा भेटीवर यावे. त्या भेटीत तिने केअरटेकरला शिकवणे, तिच्या शंका ऐकणे हेही काम धरावे आणि त्याचा वेळ मोजावा.

तिसरा टप्पा अखेरच्या दिवसांचा. गिळणे कमी होते, श्वास बदलतो, घशात घरघर सुरू होते. तोंडाने घ्यायचे साधे मॉर्फिन बहुधा दर चार तासांनी द्यावे लागते, म्हणजे रात्रीही जागे राहणारे कोणी हवे. गिळता येईनासे झाले, तर औषध त्वचेखालून द्यावे लागू शकते. येथे भेटीचा दर बाजूला ठेवावा आणि नोंदणीकृत परिचारिका तासावर किंवा रात्रपाळीवर बोलवावी. खर्च मोठा वाटतो, परंतु हा टप्पा बहुधा थोड्या दिवसांचा असतो. पहिल्या दोन टप्प्यांत अनावश्यक तास टाळून वाचवलेले पैसे याच रात्रींसाठी राखून ठेवावेत.

सर्वच खर्च स्वतः उचलणे शक्य नसते, याची जाणीव आहे. नागपुरात कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांसाठी स्नेहांचल हे केंद्र आहे. राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था, मेडिकल आणि मिहानमधील एम्स येथे उपचार सुरू असतील, तर परिहारक सेवेबद्दल आणि घरभेटीबद्दल तेथील डॉक्टरांना अवश्य विचारावे. विमा असल्यास घरच्या शुश्रूषेचा खर्च पॉलिसीत बसतो का, हे अटी वाचून पाहावे. गृहीत धरू नये.

ठरवताना कागदावर काय असावे?

व्यवहार ओळखीचा असो वा ब्यूरोमार्फत, एका साध्या कागदावर पुढील गोष्टी लिहाव्यात आणि दोघांनी सह्या कराव्यात.

१. येणाऱ्या व्यक्तीचे शिक्षण, नोंदणी क्रमांक आणि ती करील ती कामे. घरातील भांडी, स्वयंपाक, कपडे यांत धरलेले नाहीत, हेही स्पष्ट असावे.

२. दर कशाचा? महिन्याचा, तासाचा की भेटीचा? भेट किती मिनिटांची? अधिक वेळ थांबल्यास किती?

३. ब्यूरोला आपण देतो त्यांतील किती रक्कम प्रत्यक्ष सेविकेला मिळते? हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. आपण चांगला दर देतो असे समजत असतो आणि तिच्या हाती बरेच कमी पडत असते. मग ती टिकत का नाही, याचे आपण नवल करतो.

४. प्रवासखर्च, रात्रीचा फोन, सणाचा दिवस, वाया गेलेली फेरी.

५. झोपेचे सलग तास, जेवणाची वेळ, आठवड्याची सुटी, बदली म्हणून कोण येणार.

६. औषधांची वही. कोणते औषध, किती वाजता, कोणी दिले आणि त्यानंतर वेदना कमी झाल्या का. मॉर्फिनच्या गोळ्या मोजून, कुलपात ठेवाव्यात. ही नोंद अविश्वासासाठी नाही. ती दोन्ही बाजूंचे रक्षण करते.

७. रुग्णाला रुग्णालयात हलवल्यास किंवा त्याचा मृत्यू झाल्यास हिशेब कसा होणार.

सातवे कलम लिहिताना हात अडखळतो. ‘वाईट कशाला बोला’ असे घरातील वडीलधारे म्हणतात. पण न बोलल्याने जे घडते ते अधिक वाईट असते.

ज्या दिवशी काम संपते

इतर बहुतेक नोकऱ्यांत काम चांगले केले की नोकरी टिकते. येथे काम कितीही चांगले केले, तरी एक दिवस रुग्ण जातो आणि त्याच क्षणी सेविकेची मिळकतही थांबते. महिन्याच्या नऊ तारखेला मृत्यू झाला, तर नऊ दिवसांचे पैसे हातावर ठेवून तिला निरोप दिला जातो. भेटीवर असेल तर तेवढेही नाही. ज्या माणसाला तिने तीन महिने भरवले, त्याच्या जाण्याचे दुःख आणि उद्याच्या भाड्याची चिंता तिला एकाच वेळी सोसावी लागते. नातेवाईक जमतात, रडारड होते. नळ्या काढणे, अंग पुसणे, जखमेवर स्वच्छ पट्टी बांधून देह अंत्यदर्शनासाठी नीट ठेवणे हे काम बहुतेक वेळा तीच करते. त्या कामाचा दर कोणत्याही ब्यूरोच्या यादीत नसतो आणि त्या गोंधळात कोणाला आठवतही नाही.

म्हणून हे आधी ठरवावे. महिन्यावर असलेल्या सेविकेला मृत्यूनंतर किमान पंधरा दिवसांचा पगार द्यावा. शक्य असेल तर महिना पूर्ण धरावा. तासावर किंवा भेटीवर असलेल्या परिचारिकेला त्या आठवड्यात ठरलेल्या सर्व फेऱ्यांचे पैसे द्यावेत आणि अखेरच्या शुश्रूषेची एक वेगळी रक्कम. हे दान नव्हे. पुढचे काम मिळेपर्यंतचा तो आधार आहे, आणि काम अचानक संपण्याची जोखीम तिने आपल्यासाठी उचललेली असते, तिचे ते मोल आहे. ज्या परिचारिकेला हे आधीपासून ठाऊक असते, ती अखेरच्या दिवसांत दुसरे घर शोधायला निघून जात नाही. रुग्णाच्या हिताचाच हा हिशेब आहे.

त्याच कागदावर एक ओळ डॉक्टरांची असू द्या. घरी मृत्यू झाल्यास तपासून प्रमाणपत्र कोण देणार, हे डॉक्टरांशी आधी बोलून ठेवावे. ते काम परिचारिकेचे नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते आणि तिच्यासाठी डॉक्टरांचा कागद लागतो.

आपण स्वतः ज्येष्ठ असाल, तर हा विषय मुलांनी काढण्याची वाट पाहू नका. मुलांना तो काढवत नाही. “माझ्यासाठी जी बाई येईल, तिची रात्रीची झोप मोडून तिला राबवू नका, आणि मी गेल्यावर तिचा महिना पूर्ण करा” एवढे एक वाक्य आपल्या तोंडून आले, तर पुढचे अनेक अवघड निर्णय सोपे होतात. बाजूला काढलेले पैसे कोठे आहेत, तेही सांगा. आणि आपण शुश्रूषा करणारे असाल, तर आज सायंकाळी औषधांची वही उघडून तिच्या शेवटच्या पानावर वरील सात गोष्टी लिहून काढा. उद्या सिस्टर येतील तेव्हा चहाचा कप पुढे ठेवून त्यांच्याशी पंधरा मिनिटे बोला, आणि ती पंधरा मिनिटेही त्यांच्या वेळेत धरा.